अळणी

आमटीत मीठ टाकायचं जगदेवी विसरली. नवऱ्यानं, लेकानं पहिल्याच घासाला ताटं सरकवली. सहावा महिना लागलेली सून मंजुश्री मात्र मान खाली घालून जेवत राहिली. "पोरगी लई गुणाची, कशाला नावं ठेवत न्हाई," नवरा म्हणाला. जगदेवीच्या काळजात चर्र झालं. डोहाळे विचारले, तरी हिचं "काहीच नको." दुसऱ्याच दिवशी तिनं सुनेला निलंग्याहून लातूरला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गरोदरपणातलं नैराश्य आहे. उपचारानं जातं." औषध सुरू झालं, समुपदेशनही. पण जगदेवीचा जीव थाऱ्यावर नव्हता. रोज सुनेला मुद्दाम अळणी आमटी वाढायची, मुठीत मीठ धरून समोर बसायची. ताट निमूट संपायचं, मीठ बरणीत परत जायचं. आज मंजुश्रीनं पहिल्याच घासाला वर बघितलं. "आत्याबाई, आमटी अळणी हाय." जगदेवीनं मूठ उघडली. मीठ घामानं तळव्याला चिकटलं होतं.