कटाळा

अंबिकाची शाळा नववीत सुटली, त्याला आता दोन वर्षं झाली. बादलीभर पाणी उचललं तरी पोरगी तीन दिवस अंथरूण सोडायची न्हाय. रक्त तपासून झालं, अंगारा लावून झाला, शेवटी डॉक्टरांनी तिला समुपदेशनाला धाडलं. तिथल्या मॅडम पुण्याच्या होत्या, बोलायला गोड.

"काय होतं गं तुला?"

"लई कटाळा येतोय."

मॅडमनी कागदावर लिहिलं, 'सतत कंटाळा.' मग हसून म्हणाल्या, "अगं, मग एखादा छंद लावून घे. डान्स क्लास लाव, चित्रं काढ. मन रमलं की कंटाळा पळतो."

शेजारी बसलेली आई लगेच मान डोलवत म्हणाली, "मीबी हिला तेच सांगती की."

अंबिकाचं डोकंच फिरलं.

"मॅडम, आधी तो शब्द खोडा. तुमच्याकडं करमंना झालं की कंटाळा म्हणतात. आमच्याकडं अंगातला जीव गेला की कटाळा म्हणत्यात. करमत न्हाय असं मी म्हणलेच न्हाय."

मॅडमनी पेन खाली ठेवलं, शब्द काय खोडला न्हाय. "बरं बाई. पण तू मनापासून ठरवलंस ना, तर उद्यासुद्धा शाळेत जाशील."

अंबिका टेबलाला धरून उठली. आवाज मात्र खणखणीत होता.

"मनानं मी रोजच जाती की, मॅडम. सकाळी सातला, दोन वेण्या घालून. मागं अंग राहतंय, त्याचं काय करता ते सांगा."