दोऱ्याचे सात वेढे

जीपचं मागचं दार उघडताच वायरमनने रुमालाने नाक दाबलं. लस ठेवायच्या शीतपेटीला आंबट, कुबट वास येत होता आणि झाकणाच्या रबरावर काळी बुरशी धरली होती.

“यातून औषध नेत होता तुम्ही?”

“चौकशी लागल्यापासून बंद पडून आहे,” गुरांची डॉक्टर म्हणाली. “त्याआधी रोज पुसत होते.”

लस टोचूनही सत्तावीस वासरं दगावली होती. डॉक्टरबाईंनी निष्काळजीपणाने लस नासवली, असं वर कळवलं गेलं होतं. उद्या समितीपुढे उभं राहायचं होतं, आणि त्याआधी गाडीत नेमकं काय बिघडलंय ते तिला एका कागदावर लिहून हवं होतं.

वायरमनला सगळे नाकमुरड्या म्हणत, आणि ते काही उगाच नाही. आधीच्या माणसाच्या कामाला शिव्या घातल्याशिवाय त्याचा हातच चालत नसे. या जीपने तर त्याची चंगळच केली. डोंगरातल्या दगडधोंड्यांतून आपटत फिरलेली गाडी, आणि तारा काळ्या चिकटपट्टीने कशातरी गुंडाळलेल्या. पट्टी उन्हाने वितळून बोटांना शेंबडासारखी लागत होती.

“शी! माणसांनी केलंय का जनावरांनी?” तो म्हणाला. “इंजिन चालू करा.”

बॅटऱ्या दोन होत्या. पुढची गाडीला, मागची पेटीला. इंजिन चाललं की दोन्ही चार्ज व्हायला हव्यात. त्याने पुढच्या बॅटरीला मीटर लावला. चौदा व्होल्टच्या वर. मागच्या बॅटरीला लावला. साडेनऊ.

दोन्ही बॅटऱ्या जोडणारा रिले तापलाही नव्हता. त्याच्या अर्थिंगची तार रंगावरच बोल्टने आवळलेली होती. रंगातून करंट जातो असं मानणारे महाभाग या धंद्यात आहेत, असं पुटपुटत त्याने पत्रा खरवडून चकचकीत केला आणि बोल्ट परत आवळला. रिले टक् करून बसला. मागचा आकडा हळूहळू वर सरकू लागला.

“सापडला बिघाड. लिहून देतो.”

“पण ते दिव्याचं विचारणार, मिस्त्री.” तिने स्टिअरिंगजवळच्या बारक्या दिव्याकडे बोट दाखवलं. “मागची बॅटरी उतरली की हा लाल होतो. मग मी लस बाहेरच काढत नाही, गाडी परत फिरवते. पेटीत बर्फाच्या पिशव्या असायच्या, त्यामुळे बाटली हाताला गार लागायचीच. माझी सगळी भिस्त या दिव्यावर. आणि हा वर्षभर हिरवा होता. मी शपथेवर सांगितलं, तर हसले.”

वायरमन थबकला. मघाशी साडेनऊ दिसत होते, तेव्हाही दिवा हिरवाच होता.

“म्हणजे दिव्यालाच खोटं बोलायला शिकवलंय कुणीतरी,” तो म्हणाला. त्याला मनापासून किळस आली. वाईट काम त्याने आयुष्यभर पाहिलं होतं, पण हे काम वाईट नव्हतं, हे पाप होतं. “ज्याने हे केलं ना मॅडम, त्याचे हात तोडायला हवेत.”

तो पाठीवर आडवा होऊन डॅशबोर्डखाली शिरला. तोंडात टॉर्च धरून त्याने दिव्याची तार बोटांनी चाचपत नेली. ती मागे जायला हवी होती. ती पुढच्या बॅटरीच्या तारेला जोडलेली होती, म्हणून दिवा सदाचा हिरवा.

जोड मात्र सुरेख होता. कुठे चिकटपट्टी नाही. मेण लावलेला दोरा, एकाला एक लागून घट्ट वेढे. आख्ख्या गाडीत एवढं एकच काम माणसाने केलंय, असं त्याच्या मनात आलं. सवयीने त्याने वेढे मोजले. सात.

चिकटपट्टी वितळते म्हणून दोरा वापरणारा आणि सात वेढे घेणारा या भागात एकच वायरमन होता.

गेल्या वर्षी हिचा ड्रायव्हर दुकानात आला होता. दिवा लाल झाला की बाई गाडी परत फिरवायला लावतात, दिवस वाया जातो, तेवढं दिव्याचं बघा ना, म्हणाला होता. दुकानात गर्दी होती. वायरमनने तेवढं दिव्याचं बघितलं होतं. पाच मिनिटांचं काम, गाडी लक्षातही राहिली नव्हती. पेटीत काय असतं, हे विचारलंसुद्धा नव्हतं.

टॉर्चच्या पत्र्याची चव तोंडभर पसरली. पेटीचा तो वास आता आपल्याच अंगाला येतोय असं वाटलं. कटर हाताशीच होता. तार कापून खिशात घातली असती, तर दिवा असा का वागला हे उद्या कुणालाच कळलं नसतं.

“सापडलं का काही?” वरून तिने विचारलं.

तो बाहेर आला. जोड जागेवर तसाच ठेवला होता.

“कुणाचं काम आहे ते कळेल?” ती म्हणाली. “नाव मिळालं तरच माझं खरं मानतील.”

वायरमनने चिकटपट्टीने काळे झालेले दोन्ही हात तिच्यासमोर धरले.

“मघाशी तोडायचे म्हणालो, ते हेच.”

तिने हातांकडे पाहिलं. फाईल बॉनेटवर उघडून तिने कोरा कागद काढला आणि त्यावर पेन ठेवलं.

“हातांचं मला काय करायचंय? लिहा.”

तो लिहू लागला. आधी आपलं नाव, मग तार कुठे जोडली ते. वासरांपाशी आल्यावर त्याने दोन आणि सात काढले आणि पुढे जायला लागला, तशी तिने कागदावर बोट ठेवलं.

“अक्षरीही लिहा,” ती म्हणाली.