रॉबिनला गायक आवडत नाही

“चौदा नंबरच्या त्या पोरांना दार उघडू नकोस,” शेजारच्या मिसेस एंटविसल आपली पायरी घासता घासता म्हणाल्या. “टीव्हीवर शिव्या दिल्यात मेल्यांनी. राणीवर घाणेरडं गाणं केलंय. अन् तुझ्या घरात तान्हं पोर!”

नोरीनने मान डोलावली, सहा महिन्यांच्या रॉबिनला कडेवर सावरलं आणि जाऊन चौदा नंबरचंच दार ठोठावलं.

दार उघडणाऱ्याचे केस हिरवे होते आणि कानात सेफ्टी पिन होती. तो डेस, ‘ड्रेनपाइप्स’चा बेस गिटारवाला. गावोगावच्या सभागृहांनी या बँडला दारं बंद केली होती, म्हणून इंग्लंडमधल्या सॅल्फर्ड शहरातल्या या अरुंद गल्लीत भाड्याचं घर घेऊन चौघं तिथेच सराव करत.

“आवाजाची तक्रार असेल तर रांगेत उभ्या राहा, बाई,” डेस म्हणाला. “तुमच्या आधी पंधरा जण आहेत.”

“बंद का केलंत?” नोरीनने विचारलं.

“काय?”

“आत्ता वाजवत होतात ना? बंद का केलंत? हा रडायला लागला.”



नोरीनने शिक्षिकेचं कॉलेज केलं होतं. बाळ वाढवण्याची तीन पुस्तकं तिने पेन्सिलीने खुणा करत वाचली होती. नवरा कीथ मालट्रकवर, तो फक्त शनिवार-रविवारी घरी. बाकीचे पाच दिवस ती आणि रॉबिनचं रडणं. अंगाईगीतं झाली, चर्चमधली गाणी झाली, रेडिओ झाला. कशालाच तो बधत नव्हता. आणि मग शेजारी ही पोरं राहायला आली. त्या दुपारी चार वाजता मधली भिंत दणाणली आणि पाळण्यातला रॉबिन एकदम गप्प झाला. भिंतीला तळवा लावून तो चक्क हसला.

“अख्ख्या देशात आमचा एकच चाहता,” डेस आत वळून ओरडला, “आणि त्याला दातसुद्धा नाहीत रे!”

तेव्हापासून नोरीन पावणेपाचला चहाचं आधण ठेवू लागली. सराव आटोपला की डेस जॅम-पाव खायला यायचा. पहिल्यांदा त्याने रॉबिनला बॉम्ब धरावा तसं धरलं. आठवड्याभरात तो त्याला एका हाताने खेळवू लागला. एकदा लंगोटाची पिन मोडली, तेव्हा त्याने कानातली काढून दिली. नोरीनने ती दहा मिनिटं उकळली, मगच लावली.

“एक गंमत सांगू?” डेस म्हणाला. “आमचा गायक एकटाच ओरडायला लागला, की भिंतीपलीकडून याचं भोकाड. ड्रम आणि माझा बेस सुरू झाला, की चिडीचूप.”

“रॉबिनला गायक आवडत नाही.”

“शहाणं पोर. आम्हालाही नाही आवडत.”

मे संपत आला. राणीच्या राज्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून गल्लीत जेवणावळ ठरली होती. त्याआधी ही घाण इथून जायला हवी, असा अर्ज घेऊन मिसेस एंटविसल आल्या.

“इथे सही कर, पोरी.”

“मी नाही करणार. माझ्या बाळाला त्यांचं संगीत आवडतं.”

“संगीत!” मिसेस एंटविसलनी अर्जाची घडी घातली. “कॉलेज शिकून हेच आलं का गं?”

नोरीनच्या सहीवाचून काही अडलं नाही. घरमालकाने पोरांना शुक्रवारपर्यंत घर सोडायला सांगितलं.

नोरीनची झोप उडाली. ही पोरं गेली, तर सोमवारी चार वाजता रॉबिनला काय द्यायचं? तो पुन्हा दिवसदिवस रडेल. आपण पुन्हा न्हाणीघरात दार लावून रडू.

शुक्रवारी दुपारी बाकीचे तिघं व्हॅनमध्ये ड्रम चढवत होते. डेस एक टेपरेकॉर्डर घेऊन तिच्या दारात आला.

“हा ठेवा. त्याचं आवडतं गाणं भरलंय, सलग पाच वेळा. आणि गायक गाळून टाकलाय, खास रॉबिनसाठी.”

 नोरीनने त्याचं मनगट दाबलं.

रॉबिन तिच्या खांद्यावर रडत होता. डेसने टेप लावली. गाणं सुरू झालं, रॉबिन रडतच राहिला. डेसने आवाज वाढवला. रॉबिनचं रडणं तसूभरही कमी झालं नाही.

“आज काय झालंय याला?” नोरीन कावरीबावरी झाली. “याच गाण्याला तर रोज भिंतीला हात लावून हसतो. भिंतीपलीकडचंसुद्धा ऐकतो हो तो.”

डेसने टेप थांबवली. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

“याला खिडकीशी धरा,” तो हळू आवाजात म्हणाला. “तोंड बाहेर करून.”

बाहेर गल्लीत शिडीवर चढून बायका रंगीत पताका बांधत होत्या. त्या फडफडताना दिसल्या आणि रॉबिनचं रडणं थांबलं. तो मूठ चोखत बघू लागला. डेस त्याच्या पाठीमागे वाकला, टेपरेकॉर्डर त्याच्या मानेजवळ पण त्याला स्पर्श होणार नाही असा धरला आणि आवाज शेवटपर्यंत चढवून बटण दाबलं.

शिडीवरची बाई दचकली. मिसेस एंटविसलनी कानांवर हात ठेवले. व्हॅनपाशी उभी पोरंसुद्धा मागे वळली. गल्लीतली एकूण एक मान त्या खिडकीकडे वळली.

रॉबिन पताकांकडेच बघत होता.

तुमच्या घरात तान्हं बाळ असेल, तर आत्ताच उठा. त्याच्या पाठीमागे उभे राहा, तुमची सावलीही त्याला दिसणार नाही अशा बेताने, आणि एकदा टाळी वाजवा.