मावशींचा सल्ला

कॉलेज मध्येच सोडायचं म्हणजे नऊ सह्या. ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृह... आणि शेवटची, कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे, विद्यार्थ्यांच्या वार्तापत्राची. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी तो कागद घेऊन जिन्याखालच्या खोलीत आली, तेव्हा संपादक एकटाच मुद्रितं तपासत बसला होता.

"अर्ध्यातच पळ काढतेस होय?" त्यानं सवयीनं थट्टा केली. "कारण तरी सांग."

"परीक्षेचा एक पेपर बुडाला. शिष्यवृत्ती गेली. बाबा म्हणाले, पुरे झाली थेरं."

"आजारी होतीस?"

"नाही." ती जराशी हसली. "तुमच्या मावशींनी जा म्हणून सांगितलं."

'विचारा मावशींना' हे सदर म्हणजे अंकाचा जीव. पोरं अंक शेवटच्या पानापासूनच उघडायची. प्रेम की अभ्यास, रुसवा की प्रकल्प, सगळ्यावर मावशींकडे औषध. मावशी म्हणजे अर्थात तोच. आणि खरी पत्रं कुठली येतायत! पान भरेना की वार्तापत्रातलंच कुणीतरी काहीबाही खरडून पेटीत टाकायचं, आणि हा त्याला फर्मास उत्तर द्यायचा.

तिचं पत्रही त्याला तसलंच वाटलं होतं. 'तो नोकरीला परगावी चाललाय. सोडायला आली नाहीस तर आपलं संपलं म्हणतो. त्याच सकाळी माझा पेपर आहे. काय करू?' काय रडकं लिहिलंय लेकानं, म्हणून सगळे पोट धरून हसले होते. मावशींनी छापलं, 'अगं वेडे, परीक्षा काय, दरवर्षी येते. गाडी एकदाच सुटते. पळ!'

त्यानं पेन खाली ठेवलं. "आणि तो?"

"आठवडाभर फोन घेतले त्यानं. मग तेही बंद."

"हे बघ, अर्ज मागे घे. मी येतो प्राचार्यांकडे. मी सांगतो त्यांना."

"तुम्ही काय सांगणार?"

सांगण्यासारखं एकच होतं. ते सांगायचं सोडून तो समोरची मुद्रितं सारखी करत बसला.

"बाबा खाली सामान घेऊन उभे आहेत," शेवटी तीच म्हणाली.

त्यानं सही केली.

कागदाची घडी करून ती दारापर्यंत गेली आणि वळली. "मावशी असतात का हो इथे?"

"आज आल्या नाहीत." बोलला आणि त्याला स्वतःचीच किळस आली.

"मग निरोप द्याल? म्हणावं, मी रागावले नाहीये. तेव्हा मी ताईला विचारलं, मैत्रिणींना विचारलं, बाईंनाही विचारलं. जो तो म्हणाला, तुझं तू बघ. उत्तर दिलं ते फक्त त्यांनीच."