बोअरचा नमुना

“त्या बोअरच्या हौदाला आमच्या शेळ्या तोंड लावत न्हाईत, बाई. लेकराला तसंच पाजू नको,” असं चंद्रभागाबाई म्हणाल्या होत्या, तेव्हा सुनिता हसली होती. शेळ्या हुंगून पाणी पारखणार असतील तर आपण बी.एस्सी. कशाला झालो?

दिवाळीनंतर चंद्रभागाबाई मुलासोबत ऊसतोडीला गेल्या. सुनिताच्या घराखाली, प्लॉटिंगच्या उतारावर, पत्र्याच्या खोलीत त्यांची सून बबिता तेवढी राहिली, दोन महिन्यांची पोर घेऊन. इकडे सुनिताच्या नऊ महिन्यांच्या आदिनाथचे जुलाब थांबेनात. तेव्हा तिने एका दुपारी बोअरपासून संडासांच्या शोषखड्ड्यापर्यंत पावलं मोजली. मंजूर नकाशात अंतर पन्नास फूट होतं. पावलं नऊ भरली.

आज ग्रामपंचायतीचा भागवत पाण्याचा नमुना न्यायला आला होता. पाणी पिण्यालायक असल्याचा दाखला जोडल्याशिवाय दुसऱ्या टप्प्याच्या प्लॉटांना परवानगी मिळणार नव्हती. प्लॉटिंगचे मालक परमेश्वरशेठ स्वतः हजर होते, जरा जास्तच हजर. भागवतच्या हातातली बाटली घेऊन त्यांनीच ती वरच्या टाकीच्या नळाखाली धरली.

सुनिता आदिनाथला कडेवर घेऊन उभी होती. टाकीखाली चिखल होता. चिखलात टँकरच्या रुंद चाकांची ताजी खूण होती, आणि पाऊस तर दोन महिन्यांत पडला नव्हता.

“बोअरचं का नाही घेत?” तिने विचारलं.

“मोटर जळलीय, वैनी. काल सांजच्यालाच. टाकीत बी बोअरचंच पाणी हाय की.”

“टाकीच्या पाण्याला औषधाचा वास येतोय.”

“मग? चांगलंच हाय ना!” परमेश्वरशेठ हसले. भागवत हसला नाही. तो बाटलीचं झाकण घट्ट करत राहिला, घट्ट झाल्यावरही.

तेवढ्यात बबिता आली. डोक्यावर हंडा, पाठीला झोळीत पोर. हंड्यातून पाणी हिंदकळत होतं.

“कुठून आणलंस गं?” सुनिताने विचारलं.

“बोअरवरून. मोटर लई जोरात चाललीय आज.”

 बोअरकडून मोटरची घरघर येत होती. ती मघापासूनच येत असणार.

“तुला कुनी इचारलं गं? जा, घरला जा,” परमेश्वरशेठ म्हणाले. बबिता गेली नाही. हंडा उतरवून, आपलं काय चुकलं ते कळेना म्हणून उभी राहिली.

भागवतने अर्ज काढला. “शेठ, नमुना कुठला लिहू? टाकीचा का बोअरचा?”

“बोअरचा लिही बे. दाखला बोअरला लागतो का टाकीला?”

अर्जाखाली रहिवाशाची साक्षीदार म्हणून सही हवी होती. परमेश्वरशेठनी पेन सुनितापुढे धरलं आणि आवाज उतरवला. “बाळाचं पोट बरं न्हाई म्हनं, वैनी. आजपासून तुमच्या घरी रोज फिल्टरचा जार येईल. एकबी रुपया न्हाई. दाखला आला की बाकीच्यांचं बी बघू.”

सुनिताने अर्ज वाचला. ‘नमुना माझ्यासमोर बोअरमधून घेतला.’ तिने भागवतकडे पाहिलं. तो आपल्या चपलेकडे पाहत होता. आदिनाथने तिच्या खांद्यावर मान टाकली. सकाळपासून त्याच्या पोटात काही टिकलं नव्हतं.

तिने सही केली. पूर्ण नाव, ठळक अक्षरात, कॉलेजात करायची तशी.

परमेश्वरशेठ भागवतला आपल्या जीपमध्ये घेऊन निघून गेले. बबिता तिथेच होती. तिला वाचता येत नव्हतं, पण सही तिने पाहिली होती.

“ताई, तुमी शिकलेल्या. तुमी सही केली म्हंजी पानी चांगलं असंल, न्हाई का?”

सुनिताने आदिनाथला दुसऱ्या कडेवर घेतलं.

“बरं झालं बाई. पोरीच्या पावडरच्या दुधासाठी पानी उकळून उकळून सरपन संपलं माजं.” बबिताने चुंबळ नीट केली, हंडा डोक्यावर चढवला आणि उतार उतरून गेली.

सुनिताला त्या उतारावर आता जाववत नाही. तुम्ही युसूफ वडगावच्या रस्त्याला कधी गेलात, तर तिचं एवढं काम करा. प्लॉटिंगच्या खालच्या अंगाला पत्र्याची एकच खोली आहे. सहज आल्यासारखं जा. बबिता चहा टाकेल, नको म्हणा. पोरीला मांडीवर घ्या, मूठ उघडा आणि उजेडात नखं बघा. शोषखड्ड्यातलं नायट्रेट पाण्यातून तान्ह्या लेकराच्या रक्तात उतरलं की नखं निळी पडतात, आणि ते उकळूनही जात नाही, हे सुनिता बी.एस्सी.ला शिकली होती. निळसर दिसतात का, तेवढं बघा.