काळुरामाचे डोळे

पुतळ्याचे डोळे तेवढे राहिले होते. पेणच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी होते, आणि गुणाजी मूर्तिकार हातात कुंचला धरून खोळंबला होता. राष्ट्रवीर काळुरामाचा फोटो कुणाकडेच नव्हता.

असणार कुठून? काळुराम तर विष्णुमास्तरांनी रोह्यात बसून एका दिवाळी अंकासाठी रचला होता. विनोदी गोष्ट होती. मिठागरात साप बघून भित्रा काळुराम बोंब मारत पळत सुटतो. समोरून घोड्यावर गोरा साहेब येत असतो. काळुराम साहेबावर चाल करून निघाला, असं समजून सारा गाव मागून धावतो आणि साहेब घोडा फिरवतो.

गोष्ट लोक विसरले, काळुराम राहिला. आधी त्याच्या नावाचा क्रिकेटचा चषक आला, मग जयंती, मग रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावच्या पुलाजवळ पुतळ्याची जागा. शेवटी वीराला भित्रा म्हटलं म्हणून मास्तरांवर तक्रार. पुतळा समितीचा अध्यक्ष सुजय त्यांचाच जुना विद्यार्थी. मास्तरांची मुलगी ऋजुता ज्या शाळेत शिकवते, ती शाळाही त्याच्याच हातात. पुतळ्यासमोर माफी मागा, विषय मिटेल, ताईंची नोकरीही राहील, असं त्याने अगदी नम्रपणे सांगितलं होतं. मास्तर त्याच्याच गाडीतून पेणला आले होते. पण माफी मागायची नाही, हे त्यांनी वाटेत ठरवून टाकलं होतं.

"गुणाजी, हा माणूस झालाच नाही," ते म्हणाले. "मी रचलाय तो."

गुणाजी हसला. "नाय कसा, मास्तर? माझा आजा त्याच्या मागून धावला व्हता."

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या घरात आता तसंच सांगत होते. तुम्ही त्याच्यावर लिहिलंय, तर डोळे कसे होते तेवढं सांगा, असं त्याने विनवलं.

घाबरलेले, हे मास्तरांच्या ओठांवर आलं होतं. मग ऋजुता आठवली.

"निर्भय," ते म्हणाले. पुतळ्यापुढे हात जोडून त्यांनी माफी मागितली. सुजयने ती मोबाइलवर टिपली.

बाहेर आल्यावर मास्तरांनी थकल्या आवाजात त्याला विचारलं, तू तरी ती गोष्ट कधी वाचलीस का?

"पाठ हाय, मास्तर," सुजय म्हणाला. "तो कशापायी धावला, हे मागचा एकपण माणूस विचारत नाय. आम्ही तेवढंच घेतलं."

तो गाडीकडे निघाला. आता कुठे जायचं, हे मास्तरांनी विचारलं नाही. ते त्याच्या मागून चालू लागले.