रंग विचारला त्यांनी

ह्येरिमने ती काळी पर्स खांद्याला लावली, आरशात पाहिलं, काढली आणि काढल्या काढल्या छातीशी धरली. खाली ठेवायची सोय नव्हती. तिच्याच वयाची, तिच्यासारखीच एक नवी नवरी हातभर अंतरावर उभी होती आणि तिचे डोळे पर्सवर होते.

फ्लॉरेन्सहून या सवलतीच्या दुकानांकडे आलेल्या सकाळच्या बसमध्ये निम्म्या जोड्या कोरियातल्या सोल शहरातल्या होत्या. सगळ्यांची लग्नं नुकतीच लागलेली, सगळ्यांचे टी-शर्ट नवराबायकोचे एकसारखे. ह्येरिम आणि ग्यूहो निळ्या पट्ट्यांत होते. लांबून एकाच कोठडीतून सुटल्यासारखे दिसत.

"परत ठेवणार असाल तर मला द्या हं," ती दुसरी नवरी गोड आवाजात म्हणाली.

"सासूबाईंसाठी?"

"मग काय माझ्यासाठी?"

दुकानातली इटालियन मुलगी हसली. तिला कोरियन भाषेतले जेमतेम चार शब्द येत होते, पण त्यातला एक 'सासूबाई' होता. धंद्याला तेवढा पुरे. हा शेवटचा नग, असं तिने एक बोट वर करून सांगितलं.

ग्यूहो कोपऱ्यातल्या स्टुलावर मामांचा पट्टा आणि काकांचं पाकीट मांडीवर घेऊन बसला होता. एवढी खरेदी झाल्यावर आता एकच पर्स परवडणार होती, आणि तीही घ्यावी की नाही यावर सकाळपासून खल चालला होता.

"अगं, आई विमानतळावर काय म्हणाली? मला काही आणू नका, सुखरूप या. तुझ्यासमोरच म्हणाली ना?"

"म्हणाल्या. पण कशा म्हणाल्या?"

"कशा म्हणजे? तोंडाने."

"हसून म्हणाल्या का?"

ग्यूहोला आठवेना. आपली आई कधी हसते आणि कधी हसत नाही, याची नोंद त्याने आजवर ठेवलेली नव्हती. लग्नाच्या दिवसापासून ते खातं ह्येरिमच्या नावावर चढलं होतं.

तिने नणंदेला मेसेज टाकला. 'वन्सं, सासूबाईंना खरंच काही नकोय का?'

उत्तर लगेच आलं. 'नकोच म्हणते ती. मोठ्या वहिनीलाही असंच म्हणाली होती.'

मग दुसरं आलं. 'वहिनीला ते खरं वाटलं.'

पुढे काही आलं नाही. यायची गरजही नव्हती. मोठ्या जावेचा विषय निघाला की सासूबाई अजून टीव्हीचा आवाज वाढवत.

ह्येरिमच्या तळहातांना घाम सुटला. चामड्यावर डाग पडेल म्हणून तिने पर्स कोपरात अडकवली. "फोन लाव त्यांना."

"आत्ता?"

"तिकडे जेवणं झाली असतील. लाव."

पडद्यावर सासूबाईंचं कपाळ आलं, मग हळूहळू खालचा चेहरा. ह्येरिम भर दुकानात फोनपुढे कमरेत वाकली.

"सासूबाई, ही कशी वाटते तुम्हाला?"

"अगंबाई, कशाला उगाच! मी कुठे जाते मिरवायला?"

"चर्चमध्ये नेता येईल ना."

"त्या ग्वोनबाई नेतात. सुनेने दिली म्हणे. रविवारी प्रार्थना चालू असतानासुद्धा मांडीवरून खाली ठेवली नाही. मला नाही बाई असलं आवडत." मग सासूबाईंनी विचारलं, "काळीच आहे का ती?"

"काळीच आहे."

"हं. नको मला काही. पैसे जपून वापरा." फोन बंद झाला.

"ऐकलंस?" ग्यूहो उठत म्हणाला. "सरळ नको म्हणाली. चल, जेवून घेऊ."

ह्येरिमने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं शाळेत नापास पोराकडे पाहतात.

"रंग विचारला त्यांनी," ती म्हणाली आणि काउंटरकडे निघाली.

दुसऱ्या नवरीने सुस्कारा सोडला आणि ती बेज रंगाच्या पर्सांच्या फळीकडे वळली. जाता जाता ती कोणाला तरी फोन लावत होती.

कार्ड चाललं. पर्स मऊ कापडाच्या पिशवीत गेली, पिशवी खोक्यात, खोकं रेशमी फितीच्या थैलीत. बाहेर बसच्या थांब्यावर येईपर्यंत ह्येरिमने थैलीत तीनदा डोकावून पाहिलं.

"आणि तुझ्या आईला?" ग्यूहोने विचारलं.

"आईला काय, ती आपलीच आहे." तरी तिने फोन लावला.

आई स्वयंपाकघरात लसूण सोलत बसली होती. "मला? घरात पर्सा काय थोड्या आहेत? तू जेवलीस का आधी ते सांग."

"चॉकलेट आणते मग."

"आण. तुझे बाबा खातात."

ह्येरिमला हायसं वाटलं. एवढं तरी निभावलं. आईचं हे एक बरं असतं.

"सासूबाईंसाठी घेतलीस का पर्स?" आईने विचारलं.

"घेतली. काळी."

"बघू."

ह्येरिमने फीत सोडली, खोकं उघडलं, पर्स वर धरली. आईने हात पुसले, चष्मा लावला आणि ती इतकी जवळ आली की पडद्यावर तिचे दोन डोळेच उरले.

"फिरव जरा. पट्टा दाखव. हं. शोभेल त्यांना."

बसने हॉर्न दिला. ग्यूहो दारात एक पाय ठेवून हात हलवत होता. ह्येरिम घाईघाईने पर्स खोक्यात ठेवू लागली.

"थांब गं," आई म्हणाली. "आतून कशी आहे? एकदा उघडून दाखव ना."